तिसरा पाद : गर्भिणी परिचर्येत पतीचे स्थान

चिकित्सेचे चार पाद आपणां सर्वांस विद्यार्थिदशेपासून परिचित आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. त्यांपैकी वैद्य आणि औषधी यांविषयी आपल्या संमेलनांतून विपुल चर्चा होते. उपस्थाता, म्हणजे परिचारक, मात्र उपेक्षित राहतो. गर्भिणी ही रुग्ण नव्हे; तरीही परिचारकाची गरज तिला असतेच. तो कोण असावा, याचे उत्तर अष्टांगहृदयाच्या शारीरस्थानात मिळते. गर्भिणीला प्रिय आणि हितकर उपचारांनी जपावे असे सांगताना वाग्भटांनी सेवकांच्या आधी पतीचे नाव घेतले आहे.

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील आपल्या चिकित्सालयांत मात्र वेगळेच चित्र दिसते. गर्भिणी सासूबरोबर किंवा आईबरोबर आत येते आणि पती बाहेर दुचाकीजवळ थांबतो. तपासणी झाली की चिठ्ठी घेऊन तोच औषधालयात जातो. सातव्या महिन्यात ओटी भरली की पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी जाते आणि पुष्कळदा बारशालाच पित्याची व बाळाची निवांत भेट होते. माहेरचा विसावा मोलाचा आहे. तो मोडावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु त्यामुळे पित्याची तयारी माहेरी जाण्यापूर्वीच व्हावयास हवी, हे ओघानेच आले.

चरकसंहितेत परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत. भावी पित्याचा अभ्यासक्रम म्हणून तेच पुरेसे आहेत, असे आमचे मत आहे.

उपचारज्ञता : मासानुमासिक परिचर्या पत्नीइतकीच पतीलाही समजावून सांगावी. चौथ्या महिन्यात दूध-लोणी का, आठव्यात दुधातील तूपयुक्त यवागू का, हे कळले म्हणजे घरातील दूध आधी कोणाच्या पेल्यात जावे याचा निर्णय तो करू शकतो. लोह व फॉलिक आम्लाची गोळी १८० दिवस घ्यावयाची असते. तिची आठवण त्याने ठेवावी. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांवर व चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, गर्भाची हालचाल मंदावणे ही लक्षणे त्याला तोंडपाठ हवीत. यांपैकी एकही दिसल्यास काढ्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, हे आपणच त्याला निःसंदिग्धपणे सांगावे.

दाक्ष्य : पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात अनेक गावांचे भूजल खारे आहे आणि गोडे पाणी दुरून आणावे लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत ओझी उचलणे, वाकणे, उन्हात राहणे हे स्त्रीच्याच वाट्याला येते. पाण्याची घागर व कापसाचे गाठोडे पतीने आपल्या डोक्यावर घेणे, हा गर्भिणी परिचर्येचाच भाग होय. चरकांनी गर्भिणीस तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणे, धक्का न लावता जपण्यास सांगितले आहे, ते याच अर्थाने. रात्री वाहन कोणाचे, रक्तदाता कोण, पैसे कोठे, हे आधीच ठरवावे. १०८ क्रमांक भ्रमणध्वनीत असावा. माहेरी जाताना तपासणीची नोंदपुस्तिका तिच्याबरोबर जाते की नाही, हे त्याने पाहावे. मेळघाटातील धारणी व चिखलदरा भागांत तर रस्ता व अंतर यांमुळे या नियोजनावरच जीव अवलंबून असतो.

अनुराग : दौहृद म्हणजे केवळ चिंच-बोरांची आवड नव्हे. तिचे मन जाणून घेणे हा त्याचा गाभा आहे. रात्री बाळासाठी कोणी उठावे, खर्च कसा भागवावा, ती कामावर केव्हा परतेल, दुसऱ्या अपत्यात किती अंतर असावे, हे दोघांनी मिळून आधीच बोलावे. ‘मुलगाच हवा’ हा घरातील आग्रह थोपविण्याची पहिली जबाबदारी पतीची आहे. या संदर्भात औषधालयाच्या चालकांनीही स्मरण ठेवावे की, गर्भलिंगनिवडीची कोणत्याही मार्गाने केलेली जाहिरात १९९४ च्या कायद्यान्वये, विशेषतः २००३ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर, दंडनीय आहे.

शौच : खर्रा, तंबाखू व विडी सोडण्यास याहून उत्तम मुहूर्त नाही. विडीचा धूर गर्भालाही बाधतो. बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय आधीच लागलेली बरी. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याचे काम पिताही उत्तम करू शकतो.

प्रसूतीनंतरची एक बाब विशेष महत्त्वाची आहे. पहिल्या तासात स्तनपान आणि सहा महिने केवळ मातेचे दूध, याबाबत पती-पत्नीचे एकमत असेल तर ज्येष्ठांचा आग्रह सौम्यपणे टाळता येतो. जातकर्मातील मध-तुपाचा विधी आपल्या संहितांत आहे. तथापि वर्षाच्या आतील अर्भकास मधातून बॉट्युलिझम हा दुर्मीळ पण गंभीर विकार होऊ शकतो, हे आज ज्ञात आहे. गुटी मागणाऱ्या पित्याला औषधालयाने एवढे सांगितले तरी मोठे काम होईल.

एक सावधगिरी आवश्यक आहे. पतीला आत बोलावण्यापूर्वी पत्नीची संमती घ्यावी आणि प्रत्येक भेटीत काही वेळ तिच्याशी एकांतात बोलावे. काही घरांत भीती पतीचीच असते. सहभाग म्हणजे हुकमत नव्हे.

यासाठी नवे दालन अथवा नवी यंत्रणा लागत नाही. तपासणीच्या खोलीत एक जादा खुर्ची ठेवावी. चौथ्या महिन्यात एकदा व माहेरी जाण्यापूर्वी एकदा, अशा दोन भेटी जोडप्याने मिळून घ्याव्यात, असा आग्रह धरावा. औषधालयात शतावरी कल्प घेण्यास येणाऱ्या पतीला पुडीबरोबर धोक्याच्या लक्षणांची मराठी चिठ्ठी द्यावी आणि ‘गोळ्या रोज घेते ना?’ एवढे विचारावे. वैद्याने लिहिलेले द्रव्य घरी पोहोचविणारा हा माणूसच चतुष्पादातील तिसरा पाद आहे. त्याला दाराबाहेर उभा ठेवून आपली चिकित्सा तीन पायांवर चालविण्याचे काही कारण नाही.