पूर्वपक्षाचे शिक्षण : अवोन्डेलचे कॉलेज आणि युक्तिवादाचा निबंध

ऑकलंड शहराच्या पश्चिम भागातील अवोन्डेल या उपनगरात रोझबँक रोडवर असलेले अवोन्डेल कॉलेज नावाने कॉलेज असले, तरी महाराष्ट्रातील वाचकाच्या हिशेबाने ती माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळा आहे. न्यूझीलंडमध्ये नववी ते तेरावीपर्यंतच्या शाळांना सर्रास कॉलेज म्हणतात आणि तेथील तेरावीचा विद्यार्थी साधारणपणे आपल्याकडील बारावीच्या वयाचा असतो. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक आघाडीवर जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांसाठी जे रुग्णालय येथे बांधले गेले, त्याच्याच इमारतींत १९४५ मध्ये ही शाळा भरू लागली, आणि आज देशातील मोठ्या शाळांमध्ये तिची गणना होते. माओरी, पॅसिफिक बेटांवरील, युरोपीय आणि आशियाई वंशाची मुले येथे एका बाकावर बसतात. ऑकलंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही शहरातील अशाच शाळांत शिकतात, आणि त्यांच्या आईवडिलांना या शिक्षणाचा जो भाग सर्वांत अपरिचित वाटावा असा आहे, तो म्हणजे युक्तिवादाचा निबंध : एखाद्या वादग्रस्त विधानाबद्दल स्वतःचे मत ठरवून, ते पुराव्याने आणि विरोधी मताचा विचार करून सिद्ध करणारे लेखन.

या निबंधाचे स्थान समजण्यासाठी तेथील परीक्षापद्धती थोडक्यात पाहावी लागते. एनसीईए या नावाने ओळखले जाणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र २००२ ते २००४ या काळात तीन पातळ्यांवर टप्प्याटप्प्याने लागू झाले; त्यात विषयाचे लहान लहान घटक करून प्रत्येकासाठी एक मानक, म्हणजे विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे याचे लेखी वर्णन, ठरवलेले असते, आणि निकाल टक्केवारीत न देता ‘अप्राप्त’, ‘प्राप्त’, ‘गुणवत्ता’ आणि ‘उत्कृष्ट’ अशा अर्थाच्या चार श्रेणींत देतात. तिसऱ्या पातळीवरील इंग्रजीच्या एका मानकात, अभ्यासलेल्या साहित्यकृतीला चिकित्सक प्रतिसाद द्यावा आणि तो पुराव्याने पुष्ट करावा, एवढी किमान अपेक्षा आहे. वरच्या श्रेणीसाठी हाच प्रतिसाद पटण्याजोगा असावा लागतो आणि सर्वोच्च श्रेणीसाठी मर्मग्राही. अधिक लिहिल्याने किंवा अधिक माहिती भरल्याने श्रेणी वाढत नाही. मत किती नीट तोलले आहे यावर ती वाढते. प्रश्नपत्रिकेतही कादंबरीचा सारांश विचारलेला नसतो, तर एक विधान देऊन त्याच्याशी विद्यार्थी कितपत सहमत किंवा असहमत आहे याची चर्चा करण्यास सांगितलेले असते. अशा प्रश्नाला निखळ होकार किंवा निखळ नकार क्वचितच पुरतो, कारण विधान कोठपर्यंत खरे आहे, कोणत्या अटींवर खरे आहे आणि कोठे ते मोडते, हे दाखवणे हेच उत्तराचे काम असते.

इतिहासाच्या वर्गात हे काम अधिक स्पष्ट दिसते. न्यूझीलंडच्या शाळांतून वारंवार अभ्यासला जाणारा एक विषय म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या ‘स्प्रिंगबॉक्स’ या रग्बी संघाचा १९८१ चा दौरा. वर्णभेदी राजवटीच्या संघाला देशात खेळू द्यावे की नाही, यावरून त्या वर्षी जुलै ते सप्टेंबर या काळात न्यूझीलंडमधील घरेदारे दुभंगली. २५ जुलै रोजी हॅमिल्टन येथे निदर्शक मैदानात उतरल्याने सामना रद्द करावा लागला, आणि १२ सप्टेंबर रोजी अवोन्डेलपासून फारशा दूर नसलेल्या ईडन पार्क मैदानावर तिसरा कसोटी सामना चालू असताना एका लहान विमानातून पिठाच्या पिशव्या टाकण्यात आल्या. राष्ट्रकुलातील देशांनी १९७७ च्या ग्लेनईगल्स करारात वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी क्रीडासंबंधांना उत्तेजन न देण्याचे मान्य केले होते. तरीही खेळात राजकारण आणू नये आणि दौरा थांबवणे सरकारचे काम नव्हे, अशी भूमिका पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांनी घेतली. आता ‘या निदर्शनांमुळे वर्णभेद संपला’ असे विधान समोर ठेवले, तर सतरा वर्षांच्या मुलाने त्याचे काय करावे?

तर्कशास्त्राचे ब्रिटिश अभ्यासक स्टीव्हन टूलमिन यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात युक्तिवादाची जी अंगे सांगितली, ती येथे उपयोगी पडतात. सिद्ध करायचे विधान म्हणजे दावा. त्याला आधार देणारी माहिती म्हणजे पुरावा. या पुराव्यावरून हाच दावा का निघतो हे सांगणारे, बहुधा न उच्चारलेले गृहीतक म्हणजे जोडणारे तत्त्व. दाव्याचा जोर मर्यादित करणारे ‘बहुतेक’, ‘काही अंशी’ यांसारखे शब्द म्हणजे मर्यादक. आणि दावा लागू न पडण्याची परिस्थिती म्हणजे अपवाद. वरील उदाहरणात पुरावा असा आहे : ऑल ब्लॅक्स या राष्ट्रीय संघाचा १९८५ चा नियोजित दक्षिण आफ्रिका दौरा न्यायालयाच्या मनाईमुळे रद्द झाला. परंतु येथवरच्या पुराव्यावरून न्यूझीलंडमधील वातावरण बदलले एवढेच सिद्ध होते. प्रिटोरियातील वर्णभेदी सरकार त्यामुळेच नमले असे म्हणण्यासाठी जे जोडणारे तत्त्व लागते, ते तपासू गेल्यास दक्षिण आफ्रिकेतील जनतेचा स्वतःचा लढा, आर्थिक निर्बंध आणि शीतयुद्धाचा शेवट ही कारणे पुढे उभी राहतात. शिवाय १९८६ मध्ये न्यूझीलंडचे बरेच आघाडीचे खेळाडू ‘कॅव्हेलियर्स’ या नावाने अनधिकृतपणे दक्षिण आफ्रिकेत खेळून आले, आणि म्हणून वातावरण बदलल्याच्या विधानालाही मर्यादक जोडावा लागतो. अशा रीतीने मूळचा ठळक दावा लहान होतो. पण जो उरतो तो टिकतो. चिकित्सक विचार म्हणतात तो याहून गूढ काही नाही, आणि तो निबंधातून शिकवण्याचे कारण हे की, बोलताना सहज झाकली जाणारी फट कागदावर उघडी पडते.

तरीही या शिक्षणातील सर्वांत अवघड भाग पुराव्याचा नाही, विरोधकाचा आहे. दौऱ्याच्या बाजूची माणसे केवळ रग्बीवेडी होती असे लिहून पुढे जाणे कोणालाही जमते. मात्र नागरिकाने कोणाशी खेळावे हे सरकारने ठरवू लागणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे, आणि संपर्क तोडण्याऐवजी ठेवल्याने माणसे बदलतात असे मानणाऱ्यांत विचारी लोकही होते, हे त्या बाजूच्या माणसालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडून मग त्याचे उत्तर देणे ही वेगळ्या दर्जाची गोष्ट आहे. भारतीय शास्त्रपरंपरेत यालाच पूर्वपक्ष म्हणत आले आहेत : आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचे, मग त्याचे खंडन करायचे आणि शेवटी सिद्धान्त सांगायचा. गौतमाच्या न्यायसूत्रांनी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन हे अनुमानाचे पाच अवयव सांगितले, आणि चर्चेचेही प्रकार पाडले. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची केवळ मोडण्यासाठी होते ती वितंडा. शाळाशाळांतील वादविवाद स्पर्धा बव्हंशी जल्पाचे शिक्षण देतात, कारण तेथे बाजू चिठ्ठीने ठरते आणि ती सोडण्याची मुभा नसते. निबंधात ही मुभा असते, आणि लिहिता लिहिता मत बदलले तर ते अपयश मानण्याचे कारण नाही.

योगायोग असा की, प्रतिपक्षाला न्याय देण्याच्या या वृत्तीचा विसाव्या शतकातील एक मोठा पुरस्कर्ता न्यूझीलंडमध्येच शिकवत होता. नाझी संकटामुळे व्हिएन्ना सोडलेले कार्ल पॉपर १९३७ मध्ये ख्राइस्टचर्चच्या कँटरबरी युनिव्हर्सिटी कॉलेजात आले आणि युद्धाची सर्व वर्षे तेथेच राहिले. खुल्या समाजाविषयीचा त्यांचा १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रख्यात ग्रंथ याच काळातला. इतिहासाला ठरलेले नियम असतात या मताचे खंडन करणारा त्यांचा दीर्घ लेख १९४४–४५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात त्यांनी ज्या मताला विरोध करायचा, त्याच्या बाजूने त्याच्या समर्थकांनीही न मांडलेले युक्तिवाद आधी स्वतः रचून दिले, जेणेकरून खंडनाला अर्थ यावा. पूर्वपक्षाचे याहून प्रामाणिक उदाहरण आधुनिक लेखनात शोधावे लागेल.

मराठीला हा प्रांत परका नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने १८७४ पासून मराठी गद्याला वादाची धार दिली, मात्र जोतीराव फुल्यांवर लिहिताना ती धार उपहासातच खर्ची पडली, आणि प्रतिपक्षाचे म्हणणे न्याय्य रीतीने मांडण्याची तसदी तेथे फारशी घेतलेली दिसत नाही. गोपाळ गणेश आगरकरांची रीत वेगळी होती. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत पचवलेल्या या लेखकाने १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारका’तून रूढीच्या समर्थकांचे आक्षेप एकेक करून घेतले आणि त्यांना कारणे देऊन उत्तरे दिली, आणि संमतिवयाच्या विधेयकावरून १८९१ पर्यंत पेटलेल्या वादात महाराष्ट्राने दोन्ही बाजूंचे समर्थ गद्य वाचले. एवढा वारसा असताना शाळेतील मराठी निबंध मात्र ‘विज्ञान : शाप की वरदान’ अशा विषयांभोवती, सुभाषितांनी सजवलेल्या प्रस्तावनेतून दोन्ही बाजूंना थोडे थोडे देऊन गुळमुळीत समारोपाकडे जाण्यात अडकला, ही खेदाची गोष्ट आहे. तेथे दोन्ही बाजू दिसतात खऱ्या, पण त्या एकमेकींना भिडत नाहीत, आणि लिहिणाऱ्याला निर्णय द्यावा लागत नाही. त्या सवयीने वाढलेल्या आईवडिलांना ऑकलंडमध्ये मुलाचा निबंध वाचताना तो रुक्ष आणि अलंकारहीन वाटला, तर त्यात नवल नाही.

याचा अर्थ न्यूझीलंडची पद्धत निर्दोष आहे असा नव्हे. परिच्छेद कसा रचावा यासाठी अनेक शाळांत एक साचा शिकवतात : आधी मुद्दा, मग पुरावा, मग स्पष्टीकरण आणि शेवटी मूळ प्रश्नाशी दुवा. ज्या मुलाला कोठून सुरुवात करावी हेच कळत नाही, त्याला हा साचा तारतो. परंतु परीक्षेच्या भीतीने तोच शेवटपर्यंत वापरला गेला, तर प्रत्येक परिच्छेद सुटा उभा राहतो आणि एका परिच्छेदाने दुसऱ्याला काही देणे थांबते. याच्या उलट, तेथील परीक्षा मंडळ जुन्या प्रश्नपत्रिका, तपासणीचे निकष आणि वेगवेगळ्या श्रेणी मिळालेल्या उत्तरांचे नमुने शेऱ्यांसह सर्वांसाठी खुले ठेवते, ही गोष्ट महाराष्ट्राने जशीच्या तशी उचलावी इतकी मोलाची आहे. ‘प्राप्त’ आणि ‘उत्कृष्ट’ यांतील अंतर दोन खरी उत्तरे शेजारी ठेवून जितके समजते, तितके ते कोणत्याही व्याख्यानाने समजत नाही.

विद्यापीठाच्या दारातही लेखनाची अट आहे : तिसऱ्या पातळीचे प्रमाणपत्र आणि तीन मान्य विषयांतील श्रेयांक (मानक पूर्ण केल्यावर मिळणारे अंक) यांबरोबरच वाचनाचे पाच आणि लेखनाचे पाच श्रेयांक मिळाल्याखेरीज विद्यापीठ-प्रवेशाची पात्रता पूर्ण होत नाही. पुढे ऑकलंड विद्यापीठात तत्त्वज्ञान विभाग चिकित्सक विचाराचा पायाभूत अभ्यासक्रम शिकवतो, आणि त्याच धर्तीचा एक अभ्यासक्रम या विद्यापीठाने इंटरनेटवरून जगभरच्या शिकणाऱ्यांसाठीही चालवला आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूझीलंड सरकारने एनसीईएऐवजी नवी प्रमाणपत्रे आणण्याचा आणि निकाल शंभरपैकी गुणांत व अक्षरश्रेणींत देण्याचा प्रस्ताव जाहीर केला. श्रेयांक गोळा करण्याच्या नादात विषयाचा सलग अभ्यास तुटतो ही एनसीईएवरची टीका निराधार नव्हती, आणि पालकांना आणि नोकरी देणाऱ्यांना गुण लवकर समजतात हेही खरे आहे. परंतु शंभरपैकी बहात्तर गुण मिळालेल्या मुलीला आपला युक्तिवाद पटण्याजोगा झाला पण मर्मापर्यंत पोचला नाही, हे त्या आकड्यातून कळणार नाही. म्हणून गुण कोणत्याही पद्धतीने दिले, तरी त्यांच्या शेजारी युक्तिवाद कोठे कमी पडला हे सांगणारे शब्द राहतील अशी तरतूद नव्या व्यवस्थेत व्हायला हवी.