लिहिणाऱ्याच्या हातातला मजकूर

कोश, कायद्याचे ग्रंथ किंवा यंत्रांच्या माहितीपुस्तिका ज्यांना रचावयाच्या असतात त्यांना संगणकावर नुसता मजकूर लिहून भागत नाही. हा शब्द, हे त्याचे व्याकरण, हा अर्थ, हे उदाहरण, असे प्रत्येक तुकड्याचे नाव त्याच्या दोन्ही अंगांस लिहून ठेवावे लागते. या खुणा मजकुरातच लिहिण्याची जी पद्धत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने १९९८ साली प्रसृत केली, तिचे नाव एक्सएमएल. खुणांची नावे देवनागरीतही चालतात, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही.

अशा लेखनासाठी खास एडिटर असतात. रुमानियातील सिंक्रो सॉफ्ट या कंपनीचा ऑक्सिजन हा त्यांपैकी एक. तो जावा भाषेत लिहिलेला आहे, आणि घराला पडवी काढावी तशी त्याला आपल्या गरजेची छोटी आज्ञावली जोडता येते. तिला प्लगिन म्हणतात. समजा, एका कोशकर्त्याला ज्या नोंदींचा अर्थ लिहावयाचा राहिला आहे त्यांवर खूण करणारे प्लगिन हवे आहे. काम साधे दिसते. पण ते लिहिणाऱ्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो हा, की मजकूर आणावयाचा कोठून?

सहज सुचणारे उत्तर असे, की डिस्कवरची फाइल उघडावी आणि वाचावी. हे उत्तर घातक आहे. डिस्कवर असते ती शेवटच्या वेळी जतन केलेली प्रत. कोशकर्त्याने सकाळपासून चाळीस नोंदी घातल्या आणि अजून जतन केल्या नाहीत, तर त्या केवळ एडिटरच्या स्मृतीत आहेत. प्लगिनने जुनी प्रत वाचून, खुणा करून परत लिहिली, की एडिटरला फाइल बाहेरून बदललेली दिसते, आणि तो विचारतो, नवी प्रत घेऊ काय? होकार दिला तर चाळीस नोंदी गेल्या. नकार देऊन पुढे जतन केले तर खुणा गेल्या. दिवसभराचे काम अशा एका प्रश्नावर टांगून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही आज्ञावलीला नाही.

तेव्हा मजकूर एडिटरकडेच मागावा. ऑक्सिजन प्रत्येक प्लगिनच्या हाती वर्कस्पेस नावाची एक वस्तू देतो. तिच्याकडून सध्या उघडलेला दस्तऐवज मागता येतो, आणि त्या दस्तऐवजाकडून रीडर. हा रीडर जतन न झालेल्या अक्षरांसह सर्व मजकूर ओळीने वाचून दाखवितो. शब्द मोजावयाचे असतील, तर एवढ्यावर काम संपले.

बदल करावयाचा असेल तर मात्र लेखक मजकुराकडे कोणत्या रूपात पाहत आहे, हे आधी विचारावे लागते. टेक्स्ट रूपात खुणांसकट सारी अक्षरे एका ओळीत उभी असतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. ऑथर रूपात लेखकाला छापील पानासारखे काही दिसते, आणि आत नोंदीच्या पोटात शब्द, शब्दाशेजारी अर्थ, अशी वंशावळ असते. आपल्या कामाला ही वंशावळ फार सोयीची. एक्सपाथ या पत्ता सांगण्याच्या भाषेत ‘जिच्या पोटी अर्थ नाही अशी प्रत्येक नोंद’ एवढेच सांगितले, की दस्तऐवजाचा कंट्रोलर त्या सर्व नोंदी काढून देतो. टेक्स्ट रूपात हेच काम अक्षरे चाचपून करू गेल्यास टिपणांत दडलेल्या खुणाही खऱ्या वाटू लागतात. शिवाय तेथे लेखक खूण अर्धवट टाइप करून थांबलेला असू शकतो. अशा क्षणी तो मजकूर नियमात बसत नाही, आणि त्याची वंशावळच मांडता येत नाही.

एक बारकावा फसवितो. ऑथर रूपातही क्रमांक असतात, पण तेथे प्रत्येक घटकाच्या आरंभी आणि शेवटी एक अदृश्य अक्षर बसविलेले असते, व खुणेचे नाव मोजले जात नाही. म्हणून एका रूपातील क्रमांक दुसऱ्या रूपात लावला, की घाव भलत्याच ठिकाणी पडतो. मराठी मजकुराची आणखी एक गंमत अशी, की ‘श्री’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. संगणक मात्र श, हलन्त, र आणि वेलांटी अशी चार मोजतो. मध्येच काही घातले तर अक्षर दुभंगते.

ऑथर रूपात कंट्रोलरमार्फत साधा मजकूर घातला, तर त्यातील कोनी कंस खूण न होता अक्षरच राहतो. टेक्स्ट रूपात तोच कंस सारी रचना मोडू शकतो. दोनशे नोंदींवर खूण केली आणि कोशकर्त्याला ती नको वाटली, तर त्याने दोनशे वेळा मागे जावे काय? त्यासाठी कंट्रोलरला आरंभी ‘संयुक्त बदल सुरू’ आणि शेवटी ‘समाप्त’ असे सांगण्याची सोय आहे. मग एकदाच पूर्ववत् म्हटले, की दोनशेही खुणा एकदम निघून जातात, आणि सकाळच्या चाळीस नोंदी जागच्या जागी राहतात.