आजोबांच्या डब्यातली नाणी

पालीत बल्लाळेश्वराच्या आसपासच्या एखाद्या जुन्या घरात आजोबांचा नाण्यांचा डबा निघाला, की पहिला हात चिंच-मिठाकडे जातो. कृपया तसं करू नका. तांब्यावरचा काळपट थर घासताना अक्षरंही झिजतात आणि संग्राहकांच्या लेखी नाण्याची किंमत उतरते.

जाडसर, ओबडधोबड तांब्याचं नाणं भिंगाखाली धरा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ दिसलं तर ती शिवराई. अक्षरं बहुधा अर्धवटच दिसतात, कारण ठसा नाण्यापेक्षा मोठा असे. ती शिवकाळातलीच असेल असं मात्र धरून चालू नका. शिवराया पेशवाईतही पाडल्या गेल्या आणि 19व्या शतकातही बाजारात चालत होत्या.

रुपयावरचं साल वाचा. 1835 ते 1939 च्या रुपयात जवळपास 92 टक्के चांदी, 1940 पासून निम्मी. 1947 चा रुपया निकेलचा. भोकाचे पैसे 1943 पासूनचे, नये पैसे 1957 पासूनचे.

कोकणची हवा दमट, म्हणून प्रत्येक नाणं वेगळ्या कोरड्या पाकिटात ठेवा. आजोबांच्या हातची चिठ्ठी असेल तर तीही सोबत जपा. शंका राहिली तर नाशिकजवळच्या अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे.