ताळेबंदाबाहेरचा खर्च



भांडवलशाहीत निसर्ग टिकेल काय, हा प्रश्न मोठा आहे. कारखान्याच्या दरवाजावर जे शिकलो तेवढ्यावरूनच आम्ही बोलू. मालाची किंमत ठरवताना मालक कच्चा माल, मजुरी, वीज, यंत्राची झीज सारे मांडतो. नदीत सोडलेल्या घाणीचा खर्च मात्र त्याच्या वहीत येत नाही. तो दुसऱ्याच्या नावे पडतो. कसा, ते जपानातील मिनामाता गावी पाहू.

तेथे चिस्सो कंपनी १९३२ पासून अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन काढी. त्या कामी पारा लागे. त्यातून मिथिल पारा हे विष निपजे व सांडपाण्यावाटे समुद्रात जाई. तेथून मासळीत, मासळीतून मांजरांच्या व कोळ्यांच्या पोटात. हातपाय थरथरत, नजर आकुंचित होई, वाचा जाई. गर्भातली मुलेही सुटली नाहीत. या रोगाची सरकारदरबारी नोंद १९५६ साली झाली. १९५९ साली कारखान्याच्याच डॉक्टरांनी सांडपाणी कालवलेले अन्न मांजराला घातले. त्यालाही तोच रोग जडला. कंपनीने ते दडपले.

विष सोडणे थांबले ते १९६८ च्या मे महिन्यात. माणसे मरत होती म्हणून नव्हे, तर खनिज तेलापासून तोच माल काढण्याची नवी रीत आली म्हणून!

आणि कामगार? १९५९ साली कोळी ‘सांडपाणी थांबवा’ म्हणत होते, तेव्हा ते थांबवू नका असे गव्हर्नरांना विनवणाऱ्यांत कामगार संघटनाही होती. पोटाची भीती खोटी नव्हती. पण १९६२ च्या पगाराच्या लढ्यात तीच संघटना फुटली, आणि मालकाचा हात आपल्याही गळ्याशी आहे हे कामगारांना उमगले. ऑगस्ट १९६८ मध्ये मूळ संघटनेने जाहीर ठराव केला, की या रोगाविरुद्ध आपण आजवर लढलो नाही याची आपल्याला लाज वाटते. १९७३ साली कोर्टाने कंपनीला दोषी ठरवले.

एक मालक दुष्ट होता, एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही. जो खर्च दुसऱ्यावर ढकलतो त्याचा माल स्वस्त पडतो, आणि स्पर्धेत स्वस्त माल जिंकतो. म्हणून हा खर्च कायद्याने मालकाच्याच वहीत चढवला पाहिजे. कोणते पाणी कोठे सोडले जाते, हे सर्वांआधी कामगाराला कळते. ते बोलल्याबद्दल त्याची भाकरी जाणार नाही, एवढी हमी त्याला गावाने आणि कायद्याने दिली पाहिजे.