द्राक्षमळ्यांचें गांव कालश्टाट

जर्मनीच्या पॅलेटिनेट प्रांतांत द्राक्षमळ्यांनीं वेढलेलें कालश्टाट नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें पित्याची जमीन सर्व मुलांत सारखी वांटली जात असे. त्यामुळें मळे पिढीगणिक लहान होत गेले व अनेक तरुणांस परदेशची वाट धरावी लागली. १८४० सालीं अमेरिकेस गेलेल्या योहान हाइन्ट्सचा पुत्र हेन्री पुढें लोणचीं व टोमॅटोचें केचप विकून जगप्रसिद्ध झाला. १८८५ सालीं १६ वर्षांचा फ्रीडरिख ट्रंपही तिकडेच गेला. धन मिळवून तो १९०४ सालीं सहकुटुंब परतला. परंतु त्यानें लष्करी सेवा चुकविली, या कारणास्तव तेव्हांच्या बव्हेरियन सरकारनें त्यास पुन्हां नागरिकत्व दिलें नाहीं व १९०५ सालीं त्यास देश सोडावा लागला. त्याचा नातू डोनाल्ड २०१७ सालीं अमेरिकेचा अध्यक्ष झाला. उदरनिर्वाहासाठीं सोडलेली भूमि मनांतून सुटत नाहीं; परंतु परतीची वाट मात्र आपल्या हातीं राहतेच असें नाहीं.