डीएक्स मालवाहू इंजिने : रेल्वे इंजिनांच्या प्रमाणीकरणाचा आरंभीचा प्रयोग

बीजसंज्ञा : वाफेचे इंजिन, मालवाहतूक, क्रू कारखाना, जॉन रॅम्सबॉटम, प्रमाणीकरण

प्रस्तावना

वाफेच्या इंजिनाचा इतिहास प्रामुख्याने शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यात पहिल्या इंजिनाला, वेगाच्या विक्रमाला आणि संशोधकाच्या नावाला स्थान मिळते. कोळसा, लोखंड व धान्य वाहून नेणारी साधी मालवाहू इंजिने मात्र उपेक्षित राहतात. इंग्लंडमधील लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा डीएक्स वर्ग हे याचे ठळक उदाहरण होय. या इंजिनात थक्क करणारे असे नवे काहीच नव्हते. परंतु एकाच आराखड्याची ९४३ इंजिने बांधली गेली, हीच त्याची ऐतिहासिक महत्ता आहे. प्रस्तुत लेखात या वर्गाची रचना, निर्मिती आणि त्यातून उद्भवलेला वाद यांचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी

क्रू येथील रेल्वे कारखाना १८४३ मध्ये सुरू झाला. १८४६ मध्ये अनेक कंपन्यांच्या विलीनीकरणातून लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे अस्तित्वात आली आणि क्रू हे तिचे प्रमुख केंद्र बनले. १८५७ मध्ये जॉन रॅम्सबॉटम (१८१४-१८९७) यांनी तेथील इंजिन विभागाची सूत्रे स्वीकारली. तोपर्यंत क्रू येथील मालवाहू इंजिनांची चारच चाके एकमेकांस जोडलेली असत. वाढत्या मालवाहतुकीला ही इंजिने अपुरी पडू लागली होती. सप्टेंबर १८५८ मध्ये डीएक्स वर्गाचे पहिले इंजिन ‘हार्डमन’ बाहेर पडले. आरंभीच्या काही इंजिनांना अशी नावे देण्यात आली. पुढील शेकडो इंजिनांची ओळख केवळ क्रमांकापुरती उरली.

रचना व कार्यतत्त्व

मालगाडी ओढणाऱ्या इंजिनाला वेगापेक्षा ओढशक्तीची गरज अधिक असते. ही शक्ती केवळ वाफेवर अवलंबून नसते; चाकांची रुळावरील पकडही तितकीच महत्त्वाची असते. पकड कमी पडली तर चाके जागच्या जागी फिरतात. म्हणून डीएक्स इंजिनाला सहाच चाके देऊन ती सर्व जोडदांड्यांनी एकत्र बांधली होती. परिणामी इंजिनाचे सुमारे २७ टन वजन संपूर्णपणे ओढण्याच्या कामी येई. चाकांचा व्यास ५ फूट २ इंच होता. चौकटीच्या आत बसविलेल्या दोन सिलिंडरांचा व्यास १७ इंच व दट्ट्याची धाव २४ इंच होती. बॉयलरमधील वाफेचा दाब दर चौरस इंचास १२० पौंड असे. या मापांवरून ओढशक्ती सुमारे ११,४०० पौंड, म्हणजे साधारण ५ टन येते. ती इंजिनाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून किंचित कमी आहे. कोरड्या रुळावर चाक सहसा घसरणार नाही इतका मेळ येथे साधला होता.

रॅम्सबॉटम यांचे स्वतःचे शोधही लहान पण टिकाऊ स्वरूपाचे होते. दट्ट्याभोवती बसणाऱ्या धातूच्या लवचीक कड्या त्यांनी १८५२ मध्ये प्रचारात आणल्या. त्यामुळे वाफेची गळती घटली. त्यांच्या सुरक्षा झडपेशी चालकाला छेडछाड करणे कठीण होते. अधिक दाब मिळविण्यासाठी झडप जखडून ठेवण्याच्या घातक प्रथेला त्यामुळे आळा बसला.

प्रमाणीकरण आणि त्याचे परिणाम

त्या काळी एका इंजिनाचा भाग दुसऱ्यास बसेलच अशी शाश्वती नसे. कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून जागेवर जुळवीत असे. त्यामुळे एखादा भाग मोडल्यास संपूर्ण इंजिन दुरुस्तीसाठी खोळंबून राही. क्रू येथे एकच आराखडा वर्षानुवर्षे कायम ठेवल्याने ठरावीक मापांचे सुटे भाग साठवून ठेवणे शक्य झाले. १८६४ मध्ये कारखान्यातच बेसेमर पद्धतीने पोलाद तयार होऊ लागले आणि कच्च्या मालावरही कंपनीचे नियंत्रण आले.

एकूण ९४३ इंजिनांपैकी ८५७ कंपनीने स्वतःसाठी बांधली. उरलेली ८६ इंजिने १८७१ ते १८७४ या काळात शेजारच्या लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेला पुरविण्यात आली आणि येथेच वाद उद्भवला. रेल्वे कंपनीने इतरांसाठी इंजिने बांधल्यास आपला व्यवसाय धोक्यात येईल, असे खाजगी इंजिन कारखानदारांना वाटले. त्यांनी १८७५ मध्ये संघटना स्थापन केली व १८७६ मध्ये न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळविला. रेल्वे कंपनीने केवळ स्वतःच्या गरजेपुरतीच इंजिने बांधावीत, असे त्यामुळे ठरले. प्रमाणीकरणाने उत्पादन सुलभ केले. त्याचा लाभ कोणी व कुठवर घ्यावा, हे मात्र कायद्याने ठरविले.

मर्यादा व उत्तरकाळ

आरंभीच्या डीएक्स इंजिनांवर चालक व फायरमन यांच्यासाठी बंदिस्त निवारा नव्हता. ऊन, पाऊस व थंडी सोसतच त्यांना काम करावे लागे. संपूर्ण गाडीला एकाच वेळी लागणारा ब्रेकही नव्हता. १८८१ पासून फ्रान्सिस वेब यांच्या कारकिर्दीत सुमारे ५०० इंजिनांना अधिक दाबाचे बॉयलर व व्हॅक्यूम ब्रेक बसविण्यात आले. मूळ आराखडा साधा असल्याने ही सुधारणा सुकर झाली. शेवटचे इंजिन १९३० मध्ये सेवेतून निवृत्त झाले. इतक्या मोठ्या वर्गातील एकही इंजिन आज जतन केलेले नाही.

भारतीय संदर्भ

डीएक्स वर्गाचा भारतीय रेल्वेशी थेट संबंध सांगता येत नाही. मात्र त्यामागील तत्त्व येथे निराळ्या मार्गाने आले. मुंबईहून निघणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेसह येथील कंपन्या आपापल्या आराखड्यांची इंजिने ब्रिटनमधून मागवीत असत. ही विविधता कमी करण्यासाठी १९०३ मध्ये ब्रिटिश अभियांत्रिकी मानक समितीने भारतीय ब्रॉडगेजसाठी प्रमाणित आराखडे सुचविले. त्यातील मालवाहू इंजिनही सहा जोडचाकांचे व आतील सिलिंडरांचे होते. मात्र ही इंजिने प्रामुख्याने ब्रिटनमधील खाजगी कारखान्यांनीच बांधली.

समारोप

यावरून असे म्हणता येते की, तंत्रज्ञानाची प्रगती केवळ नव्या शोधांतून होत नाही. सिद्ध झालेली रचना अचूकपणे व सातत्याने पुन्हा पुन्हा घडविणे, हादेखील प्रगतीचाच मार्ग होय. डीएक्स इंजिनांच्या एकसारखेपणामुळे त्यांतील कोणतेही एक इंजिन जपण्याजोगे वाटले नसावे; परंतु एकोणिसाव्या शतकातील मालवाहतुकीचा भार ज्या व्यवस्थेने पेलला, तिचा पाया याच एकसारखेपणात होता. म्हणूनच रेल्वेच्या इतिहासलेखनात विक्रमी इंजिनांबरोबर अशा सामान्य इंजिनांचीही नोंद होणे आवश्यक आहे.