न दिसणारी जखम आणि २० टक्क्यांचा हिशेब

१९१५ साली इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात कर्नल सर ब्रूस सेटन हा डॉक्टर हिंदी शिपायांच्या जखमांची मोजदाद करत होता. फ्रान्सच्या आघाडीवरून आलेल्या जखमींसाठी तिथल्या एका जुन्या गरीबखान्याचं किचनर इंडियन हॉस्पिटल झालं होतं आणि सेटन त्याचा प्रमुख होता. वरिष्ठांच्या डोक्यात एक शंका घर करून बसली होती. हाताला गोळी लागलेले शिपाई एवढे कसे? खंदकातून सुटका व्हावी म्हणून हे लोक आपल्याच हातावर गोळी झाडून घेत असणार. सेटनने एक हजार जखमा तपासल्या, त्यांची कोष्टकं मांडली आणि या समजुतीला आधार सापडत नाही, असं कळवून टाकलं.

या जखमा निदान डोळ्यांना दिसत होत्या. त्याच वर्षी चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द वापरून काही सैनिकांची हकीगत छापली. अंगावर ओरखडा नाही, पण नजर अधू झालेली, वास-चव गेलेली, आठवण पुसलेली. असे रुग्ण शेकड्यांनी येऊ लागले तसा लष्कराने त्यांच्यावर तोडगा काढला. तोडगा अर्थातच कागदी होता. शत्रूचा गोळा जवळ फुटल्याची नोंद असेल तर ‘शेल शॉक – डब्ल्यू’, म्हणजे जखमी. अशा सैनिकाला बाहीवर जखमेची पट्टी लावता येई आणि पेन्शनवर हक्क सांगता येई. तशी नोंद नसेल तर ‘शेल शॉक – एस’, म्हणजे नुसता आजारी. त्याला यातलं काहीच नाही. दोघांचे हात सारखेच थरथरत असत. एकाच्या थरथरीला साक्षीदार होता, दुसऱ्याच्या नव्हता.

शंभर वर्षांत अक्षरं बदलली. आपल्याकडे सैनिक नोकरीतून बाहेर पडतो तेव्हा ‘रिलीज मेडिकल बोर्ड’ बसतं, आणि मुदतीआधीच आजारपणामुळे घरी पाठवायचं असेल तर ‘इन्व्हॅलिडिंग बोर्ड’. फौजी भाषेत याला ‘बोर्ड आऊट’ होणं म्हणतात. बोर्डापुढे दोन प्रश्न असतात. हा आजार लष्करी सेवेमुळे झाला, किंवा सेवेमुळे वाढला का? आणि अपंगत्व किती टक्के? पहिल्याचं उत्तर ‘दोन्ही नाही’ असं आलं, किंवा दुसऱ्याचं उत्तर २० टक्क्यांच्या खाली गेलं, की डिसॅबिलिटी पेन्शनचा अर्ज सहसा तिथेच संपतो.

पैशाचं गणित मांडून बघू. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम ‘डिसॅबिलिटी एलिमेंट’ म्हणून मिळते, त्याखाली त्या प्रमाणात. लढाईतली दुखापत असेल तर दुप्पट. समजा शेवटचा पगार ४०,००० रुपये. शंभर टक्क्यांना १२,०००. २० टक्क्यांना २,४००. पण पाचव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर सरकारने २००१ साली ‘ब्रॉड बँडिंग’ आणलं. ५० च्या खालचं ५० धरायचं, ५० ते ७५ चं ७५ आणि त्यापुढचं सरळ १००. माणसाचं अपंगत्व फूटपट्टीने मोजता येत नाही, ही त्यामागची समज. त्यामुळे २० टक्केवाल्याला दरमहा ६,००० मिळतात. बोर्डाने ‘१५ ते १९ टक्के’ असं लिहून सेवानिवृत्त केलेल्याला शून्य. उडालेल्या पायाच्या बाबतीत या सीमारेषेचा त्रास नाही, कारण पाय कुठून गेला ते बघून टक्के लिहिता येतात. रात्री दचकून उठणाऱ्या, बायकोला न ओळखणाऱ्या, गर्दीत घाम फुटणाऱ्या माणसाचे टक्के कशाने मोजणार?

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती खोटी नाही. काही आजार खरोखरच सोयीचे ठरतात. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या २०२३ साली संसदेत मांडलेल्या अहवालाने २०१५-१६ ते २०१९-२० या वर्षांचे आकडे पुढे ठेवले. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी दरवर्षी ४० टक्क्यांपर्यंत लोक डिसॅबिलिटी पेन्शन घेऊन बाहेर पडत होते. जवान आणि जेसीओंमध्ये (कनिष्ठ कमिशन्ड अधिकाऱ्यांमध्ये) हे प्रमाण १८ टक्क्यांपर्यंत. त्यात रक्तदाब आणि मधुमेह यांचा भरणा मोठा. खंदकात, बर्फात, गस्तीवर जवान जास्त, मग अपंगत्व अधिकाऱ्यांकडे दुपटीहून अधिक कसं? सातव्या वेतन आयोगानेही हा प्रश्न आधी विचारला होता. या पेन्शनवर आयकर नसे, म्हणून पगार जितका मोठा तितका फायदा मोठा. जून २०१९ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून, पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांची ही सवलत काढायचं ठरवलं, तेव्हा माजी सैनिकांमध्ये गदारोळ झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

हे आकडे वाचले की आपणही पटकन म्हणतो, चाळणी बारीक करा. माझा आक्षेप इथेच आहे. अधिकाऱ्याची पेन्शन पक्की असते. अपंगत्वाची रक्कम ही तिच्यावरची भर. जवानाला साधी पेन्शन मिळायला १५ वर्षांची नोकरी लागते. आठव्या-नवव्या वर्षी फिट येऊ लागल्या किंवा मन ढासळलं म्हणून ज्याला बोर्ड आऊट केलं, त्याच्यासाठी ‘सेवेमुळे नाही’ हे दोन शब्द म्हणजे अनेकदा थोडीफार ग्रॅच्युइटी घेऊन गावाला परतणं. चाळणी बारीक करायची ती पहिल्यासाठी, आणि तिच्यात अडकतो दुसरा.

धरमवीर सिंगचं प्रकरण याच जातीचं. १९८५ साली सिग्नल कोअरमध्ये भरती, १९९४ मध्ये अपस्मारामुळे बोर्ड आऊट. अपंगत्व २० टक्के, पण आजार ‘प्रकृतीचा’, सेवेशी संबंध नाही, म्हणून पेन्शन नामंजूर. उच्च न्यायालयात एकदा जिंकला, अपिलात हरला. अखेर जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने नवं काही शोधलं नव्हतं. १९८२ चे पात्रता नियम उघडून त्यात काय लिहिलंय ते वाचलं, एवढंच. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं. पुढे तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असं गृहीत धरायचं. पुरावा द्यायचं ओझं सैनिकावर नाही, आणि शंकेचा फायदा त्याला. ‘हा आजार भरतीच्या तपासणीत कळलाच नसता’ असं बोर्डाला म्हणायचं असेल तर त्याने कारणं लिहिली पाहिजेत. हे सगळं तेव्हा ३१ वर्षं छापील स्वरूपात उपलब्ध होतं.

याहून अजब प्रकार आधी चालत असे. बोर्ड माणसाला समोर बसवून तपासायचं आणि टक्के लिहायचं. मग फाइल अलाहाबादच्या पेन्शन लेखा कार्यालयात जायची आणि तिथला वैद्यकीय सल्लागार, ज्याने त्या सैनिकाचं तोंडही पाहिलेलं नाही, ते टक्के खाली आणायचा. १९९३ साली माजी सॅपर मोहिंदर सिंगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही म्हणून सांगितलं.

मनाच्या आजाराची गाठ तर आणखी घट्ट. सैन्यात तब्येतीची श्रेणी ‘शेप’ (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांनी ठरते. त्यातलं पहिलंच अक्षर मनासाठी, मग कान, हातपाय, शरीराची क्षमता आणि डोळे. पहिलं अक्षर घसरलं की बढती, कोर्स, चांगली नेमणूक सगळं लटकतं, आणि युनिटमध्ये जे नाव पडतं ते वेगळंच. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवताना कमांडिंग ऑफिसर ‘एएफएमएसएफ-१०’ हा फॉर्म भरतो. जवानाची वागणूक, काम, शिस्त याबद्दल त्यात वरिष्ठाने लिहायचं असतं. त्यामुळे जवान शक्य तितके दिवस गप्प राहतो. झोप येत नाही हे तो सुट्टीवर घरी सांगेल, युनिटच्या दवाखान्यात, एमआय रूममध्ये, सांगणार नाही. वर्षांनी प्रकरण बोर्डापुढे येतं तेव्हा विचारणा होते की आधीची नोंद कुठे आहे? बायकोने काढलेल्या रात्रींची नोंद कोणत्याच फॉर्मवर नसते. त्यातून नेमणूक ‘पीस स्टेशन’ची असली तर संपलंच, जणू शांततेच्या छावणीत माणसाचं मन आजारी पडूच शकत नाही. घरापासून वर्षानुवर्षं लांब राहणं, आईच्या आजारपणात रजा न मिळणं, भाऊबंदकीत जमीन जाताना दुरून बघत बसणं, हा ताण सातारा-सांगलीकडच्या फौजी घरांना कुणी समजावून सांगायला नको. तीच गावं पारावर मात्र म्हणतात, ‘दिसतो तर चांगला पैलवान, पेन्शन कसली खातो?’

न्यायालयांनाही हा पेच एका दमात सुटलेला नाही. स्किझोफ्रेनियामुळे काही वर्षांतच बाहेर पडलेल्या नरसिंग यादवचा दावा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये फेटाळला. माणूस नीट वागत असेल तर भरतीच्या तपासणीत असा आजार सापडत नाही, हे त्यातलं म्हणणं. मे २०२५ मध्ये त्याच आजाराच्या दुसऱ्या सैनिकाला, राजूमोन टी. एम. यांना, त्याच न्यायालयाने पेन्शन दिली, कारण बोर्डाने निष्कर्ष लिहिला होता, कारणं लिहिली नव्हती.

अमेरिकेत कायदाच सांगतो की दोन्ही बाजूंचा पुरावा साधारण समसमान असेल तर पारडं माजी सैनिकाकडे झुकवायचं. लढाईच्या धसक्याचा दावा करणाऱ्याला पूर्वी अनेकदा तो नेमका प्रसंग पुराव्याने सिद्ध करावा लागे. २०१० साली शत्रूच्या भीतीतून आलेल्या धसक्यापुरती ती अट सैल केली. तिथेही ढोंगी लोकांबद्दलची ओरड थांबलेली नाही, आणि ती थांबेल असं वाटतही नाही.

आपल्याकडे संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी २०१५ साली पाच जणांची तज्ज्ञ समिती नेमली होती. सैनिकांविरुद्ध सरकार जे खटले लढत बसतं ते कमी कसे करायचे, हे तिने सांगायचं होतं. निकाली निघालेल्या मुद्द्यांवर, विशेषतः अपंगत्वाच्या प्रकरणांत, सरकारने पुन्हा पुन्हा अपिलं करू नयेत, हा तिच्या अहवालाचा गाभा. पर्रीकर गोव्याला परतले, अपिलं चालू राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे पात्रता नियम आले. रक्तदाब-मधुमेहासारख्या आजारांचे निकष कडक झाले आणि अपंगत्व असूनही नोकरी पुरी करणाऱ्यांच्या रकमेला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं नवं नाव मिळालं. गैरवापर रोखायला आणि खऱ्या गरजूंना न्याय द्यायला हे केलं, असं सैन्याचं म्हणणं. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यावर कडाडून टीका केली.

रक्तदाबवाल्यांच्या बाबतीत मी सैन्याच्या बाजूने झुकेन. पूर्ण नोकरी, पूर्ण पेन्शन आणि वर वयानुसार येणारा आजार, याला वेगळा निकष लावण्यात अन्याय दिसत नाही. मात्र मधेच बाहेर काढलेल्या जवानाच्या बाबतीत कसोटी लावायची ती बोर्डाला लावावी. हा माणूस आत आला तेव्हा काय नोंदलं होतं, मधे तो कुठे कुठे होता, आणि आजार सेवेचा नाही असं तुम्हाला नेमकं कशावरून वाटतं, हे बोर्डाच्या तीन डॉक्टरांनी सही करण्याआधी स्पष्ट लिहावं. राजूमोन यांना नव्वदच्या दशकात बाहेर काढलं होतं. तेव्हाच्या बोर्डाने चार ओळी जास्त लिहिल्या असत्या तर निकाल कदाचित त्यांच्या विरुद्धही गेला असता, पण तो कळायला पाव शतक लागलं नसतं.